वाढत्या मापाची दुर्बीण

"ह्याच्याहून मोठी नाही का?" मास्तरांनी विचारलं.

दुकानदाराने काउंटरवर तीन दुर्बिणी मांडून ठेवल्या होत्या. आठपट, दहापट आणि बारापट. मास्तरांनी तिन्ही हातात घेतल्या, कापडाचा पोत बघावा तशा अंगठ्याने चोळल्या आणि बाजूला सारल्या. धंदा शिवणकामाचा, त्यामुळे कुठलीही वस्तू आधी चोळून बघायची आणि मग नावं ठेवायची ही त्यांची सवय.

"मोठी आहे की. वीसपट आहे," दुकानदार म्हणाला. "पण पक्षी बघायला ती नका घेऊ साहेब. जरा हात हलला की सगळं जग हलतं. आणि दिसतो तोसुद्धा तुकडाच. आठपट घ्या. पक्षी पटकन सापडतो आणि अख्खा दिसतो."

"आठात पक्षी आठपट मोठा दिसणार, विसात वीसपट. बरोबर?"

"बरोबर, पण..."

"मग पण कशाला? काढा वीस!"

"अहो, ते सांगतायत ते ऐका तरी," मास्तरांची बायको म्हणाली. "त्यांचा रोजचा धंदा आहे."

"अगं, माझाही रोजचाच आहे! कापड जास्त घेतलं तर कापून लहान करता येतं. कमी घेतलं तर ओढून मोठं करता येत नाही. वस्तू नेहमी वाढत्या मापाची घ्यावी."

"दुर्बिणीला टाके घालून आत घेता येत नाहीत," बायको म्हणाली. पण तोवर मास्तरांनी वीसपट दुर्बीण गळ्यात अडकवलीसुद्धा होती. तिच्या वजनाने त्यांची मान खाली गेली आणि छाती मात्र वर आली.

हे सगळं चाललं होतं ते व्याह्यांमुळे. मास्तरांची एकुलती एक लेक ज्या घरात दिली होती, त्या घरचे व्याही विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि त्या दिवसापासून पक्ष्यांच्या मागे लागले होते. त्यांच्या गावात पक्षीमित्र मंडळ होतं आणि त्या मंडळात त्यांच्या शब्दाला मान होता. माणूस वाईट नव्हता. पण कुणी कुठल्याही पक्ष्याचं नाव काढलं की ते डोळे अर्धे मिटून म्हणायचे, "पाहिलाय." त्यांच्यापुढे एखाद्याने नवा पक्षी काढायचा आणि त्यांनी तो जुना करून टाकायचा, हे ठरलेलं.

मागच्या खेपेला व्याही मंडळी आली तेव्हा सगळे मिळून मास्तरांच्या गावाबाहेरच्या तळ्यावर गेले होते. मास्तरांनी मोठ्या हौसेने बोट दाखवलं, "तो बघा बगळा!" आणि व्याही सगळ्यांसमोर हसले. "मास्तर, तो वंचक. बगळा आणि वंचक ह्यातला फरक आमचा नातूसुद्धा सांगेल." नातू खरं तर दोघांचा. पण त्या वाक्यात तो एकट्या व्याह्यांचा झाला, आणि हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. लेक मान खाली घालून हसू दाबत होती, तेही त्यांनी पाहिलं. त्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं. व्याह्यांनी जन्मात न पाहिलेला एक तरी पक्षी त्यांना दाखवायचा आणि त्यांच्या तोंडून "नाही पाहिला" एवढे दोन शब्द ऐकायचे. मग डोळे मिटले तरी चालतील.

दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी सकाळीच मास्तर, बायको आणि मेहुणा तळ्यावर हजर झाले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, अंगाने भरलेला, स्वभावाने गार. मास्तरांच्या दुकानात इस्त्रीचं काम त्याच्याकडे. त्याने येताना दुकानातलं स्टूल डोक्यावर घेतलं होतं, कारण उभं राहून काही बघायचं ही कल्पनाच त्याला पटत नव्हती.

मास्तरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि ओरडले, "अरे बापरे, काय हे! गुलाबी! केस आहेत त्याच्यावर!"

"दाजी, माझा कान आहे तो," मेहुणा म्हणाला.

"मग मध्ये कशाला येतोस?"

मेहुणा बाजूला झाला. आता मास्तरांना आभाळ दिसलं, मग पाणी, मग पुन्हा आभाळ, आणि हे सगळं इतक्या वेगाने की त्यांना बस लागल्यासारखं झालं. ज्या हाताने ते पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवायचे, तोच हात वीसपट दुर्बिणीत लटलट कापत होता. हात जरा स्थिर झाला तर छातीतली धडधड दिसत होती. शेवटी त्यांनी मेहुण्याला स्टुलावर बसवलं आणि त्याच्या खांद्यावर दुर्बीण टेकवली.

"हलू नकोस. श्वाससुद्धा घेऊ नकोस."

"किती वेळ?"

"पक्षी दिसेपर्यंत!"

मेहुण्याचा चेहरा लाल होऊन जांभळ्याकडे निघाला, तेवढ्यात मास्तरांनी किंकाळी फोडली. "चोच! लालभडक चोच! लांब, जाड, अशी तरतरीत! अगं ये, लवकर ये, बघ!"

तळ्यात लव्हाळ्याचं एक बेट होतं आणि त्यातून एक जुना खांब वर आलेला होता. चोच त्या खांबाजवळ होती. दुर्बीण हलू न देता मास्तर बाजूला झाले आणि बायको वाकली. ती उंचीला कमी, त्यामुळे दुर्बिणीचं तोंड जरा खाली झुकलं.

"अगंबाई! पाय! गुलाबी पाय आहेत हो, काडीसारखे, केवढे लांब! पाण्यात उभाय!"

"पोट कसंय?"

"पोट गवतात गेलंय. मधलं काही दिसत नाही."

मग मेहुण्याची पाळी. आता स्टुलावर मास्तर बसले. त्यांच्या खांद्यावर दुर्बीण टेकवून त्याने एक मोठा श्वास घेतला, डोळे लावले, आणि त्या श्वासाने दुर्बीण थोडी उजवीकडे सरकली. "शेपूट दिसतंय दाजी. काळंपांढरं. सारखं खालीवर, खालीवर करतंय. एक क्षण स्वस्थ नाही."

तिघे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग एकदम नाचायलाच लागले. मेहुणासुद्धा नाचला, ही गोष्ट त्या तळ्यावर कुणी लिहून ठेवायला हवी होती.

आता तुम्ही म्हणाल, तिघांनी तीन तुकडे पाहिले, तर पक्षी एकच कशावरून? पण मास्तरांच्या दुकानात हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. तिथे कोट असाच व्हायचा. मास्तर कापणार आणि शिवणार, बायको काजंबटणं करणार, मेहुणा इस्त्री फिरवणार. बाही एकाकडे, कॉलर दुसऱ्याकडे, आणि पूर्ण कोट काय तो गिऱ्हाइकाच्या अंगावरच दिसणार. सगळी हयात तुकडे जोडण्यात गेलेली माणसं ती. चोच, पाय आणि शेपूट समोर आल्यावर त्यांनी ते जोडले नसते तरच नवल.

दुकानात परत आल्या आल्या मास्तरांनी कटिंगच्या टेबलावर काळं अस्तर पसरलं आणि खडूने पक्षी काढायला घेतला. वर चोच, खाली पाय, मागे शेपूट.

"मधलं काय करायचं?" बायकोने विचारलं.

"अंदाजाने धरू. पाय एवढे लांब म्हणजे अंगाने सडपातळच असणार. छाती बेताची, कंबर बारीक. मान थोडी उंच ठेवू, म्हणजे चोच शोभून दिसेल."

"बाह्या?" मेहुण्याने सवयीने विचारलं.

पक्षी पुरा झाला तेव्हा तिघेही भारावून गेले. इतका बेतशीर पक्षी त्यांनी कधी पाहिला नव्हता. मास्तरांनी पक्ष्यांचं पुस्तक आणून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. हा पक्षी त्यात नव्हता! मास्तरांनी लगेच व्याह्यांना फोन लावला.

"व्याहीबुवा, आमच्या तळ्यावर एक पक्षी आलाय. चोच लाल, जाड. पाय गुलाबी आणि हे एवढे लांब. शेपूट काळंपांढरं, सारखं खालीवर हलवतो. बोला!"

पलीकडे शांतता पसरली. ती इतकी लांबली की मास्तरांना वाटलं, आले, आले ते दोन शब्द ओठांवर आले.

"हां हां, तो होय?" व्याही म्हणाले. "दोनदा पाहिलाय."

मास्तर स्टुलावर मटकन बसले. "दोनदा?"

"दोनदा."

"नाव काय हो त्याचं?"

"नाव ना... शास्त्रीय नाव आहे. फोनवर नीट ऐकू यायचं नाही. पण दुर्मिळ आहे हं! आम्ही रविवारी येतो. कुणाला सांगू नका."

मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते व्याह्यांनी. रविवारी सकाळी तळ्यावर एक भलीमोठी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून अख्खं पक्षीमित्र मंडळ खाली उतरलं. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, आणि प्रत्येकाच्या गळ्यात आठपट नाहीतर दहापट दुर्बीण. सगळ्यात पुढे मंडळाच्या अध्यक्षबाई. ह्या पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही माणसांना रांगेतच उभं करायच्या. त्यांच्या खांद्यावर कॅमेरा होता. मागून व्याही आणि विहीणबाई.

"हेच ते मास्तर," व्याही म्हणाले. "शोधला त्यांनी, पण वर्णन ऐकल्याबरोबर ओळखला मी."

"ओळखणारच! ह्यांनी दोनदा पाहिलाय," अध्यक्षबाई कौतुकाने म्हणाल्या. "आमच्या मंडळात दुसऱ्या कुणीच पाहिलेला नाही. आम्ही रात्रभर झोपलो नाही हो मास्तर! चला, कुठे आहे?"

एवढ्या माणसांसमोर मास्तरांनी दुर्बीण लावली आणि ती इतकी थरथरली की त्यांना आपल्याच पापण्या दिसायला लागल्या. मेहुण्याने खांदा पुढे केला, पण आज खांदाही धडधडत होता. मंडळी वाट बघत होती. कुणीतरी घसा साफ केला.

"माझी घ्या हो क्षणभर," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "साधी आठपट आहे. मला तर हीच बरी पडते."

मास्तरांनी ती डोळ्यांना लावली आणि जागच्या जागी उभे राहिले. तळं दिसत होतं. सबंध तळं, स्वच्छ, स्थिर, काठापासून काठापर्यंत. लव्हाळ्याचं बेट दिसलं, खांब दिसला. खांबाच्या टोकावर एक खंड्या बसला होता, लाल चोचीचा. खाली पाण्यात लव्हाळ्याच्या कडेला एक शेकाट्या उभा होता, गुलाबी पायांचा. आणि शेजारच्या दगडावर एक धोबी शेपटी खालीवर करत होता. तिघेही आपापल्या पोटांसकट हजर होते आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

लाजेने मास्तरांच्या कानांतून वाफा निघाल्या. आणि खरं सांगायचं तर त्या लाजेतही त्यांना मजा वाटली, कारण इतका सुंदर, अख्खाच्या अख्खा पक्षी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता, आणि तेही एकदम तीन. पण मजा करायची ही वेळ नव्हती. त्यांनी व्याह्यांच्या बाहीला धरून त्यांना झाडामागे नेलं.

"व्याहीबुवा, गोची झाली. तो पक्षी नाही."

"उडाला?"

"नव्हताच. तीन आहेत. चोच एकाची, पाय दुसऱ्याचे, शेपूट तिसऱ्याचं. आम्ही दुकानात जाऊन शिवला."

व्याह्यांनी आपली दहापट दुर्बीण लावली. "खंड्या," ते सावकाश म्हणाले. "शेकाट्या. धोबी." मग दुर्बीण खाली आली, पण डोळे मास्तरांकडे वळेनात.

आणि मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"थांबा, थांबा. मग तुम्ही दोनदा काय पाहिलंत?"

"मास्तर, हळू बोला."

"नाही, पण दोनदा?"

"पाया पडतो, हळू बोला! मंडळातून उठवतील मला."

काय सांगावं तुम्हाला, मास्तरांना आनंदाने गगन ठेंगणं झालं! जे दोन शब्द ऐकायला ते तडफडत होते, त्याच्या कितीतरी पुढची गोष्ट त्यांच्या हातात आली होती. नुसतं झाडाबाहेर येऊन एक हाक मारायची, की झालं. वंचकाचं उट्टं व्याजासकट निघालं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात त्यांची नजर व्याह्यांच्या चेहऱ्यावर गेली. भर लग्नात पँट उसवलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा असतो ना, अगदी तसा. अशा वेळी शिंपी चारचौघांत बोट दाखवत नाही. तो गुपचूप गिऱ्हाइकाच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो. शिवाय लेक त्यांच्या घरात होती.

मास्तर झाडाबाहेर आले आणि घसा फाडून ओरडले, "उडाला! तो बघा उडाला! पलीकडच्या बांधाकडे गेला!"

"पळा!" अध्यक्षबाईंनी हुकूम सोडला. मंडळ सुटलं. टोप्या उडाल्या, बाटल्या पडल्या. मास्तरांच्या बायकोने विहीणबाईंचा हात धरला, विहीणबाईंनी मास्तरांच्या हातून आपली दुर्बीण हिसकावून घेतली आणि दोघी पोरींसारख्या धावत निघाल्या. मेहुणासुद्धा स्टूल टाकून पळाला.

"तुम्ही नाही येत?" अध्यक्षबाईंनी वळून विचारलं.

"आमचा बघून झालाय," व्याही म्हणाले.

सगळे लांब गेल्यावर दोघे स्टुलापाशी आले. एका स्टुलावर दोघे मावेनात, म्हणून ते गवतातच बसले. व्याह्यांनी थर्मासमधून चहा ओतला. आधी मास्तरांच्या कपात, मग आपल्या. आजवर हा क्रम उलटा असायचा.

"एक विचारू?" मास्तर म्हणाले. "खोटं बोलायचंच होतं तर एकदा पाहिलाय म्हणायचं. दोनदा कशाला?"

"एकदा म्हटलं की लोक विचारतात, कुठे, कधी, कुणाबरोबर. दोनदा म्हटलं की कुणी काही विचारत नाही."

मास्तर हसायला लागले. व्याही हसायला लागले. हसता हसता चहा सांडला, डोळ्यांत पाणी आलं, मास्तरांनी व्याह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि व्याह्यांनी ती गोड मानून घेतली. लेकीचं लग्न झाल्यापासून इतक्या वर्षांत दोघे एकत्र असे कधी हसले नव्हते.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून आरडाओरडा ऐकू आला.

"सापडला! सापडला! लाल चोच! अहो, पाय बघा पाय!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कोण सापडला?" मास्तर म्हणाले.

"मला काय माहीत?" व्याही म्हणाले. आणि दोघेही धडपडत उठले. बांधाला वळसा घालून जायचं तर वाट लांबची, चिखलाची. मास्तरांच्या गळ्यातली वीसपट दुर्बीण पावलागणिक पोटात गुद्दे मारत होती, व्याह्यांचा एक बूट चिखलातच राहिला. धापा टाकत ते पोचले तेव्हा सगळं मंडळ आभाळाकडे तोंड करून उभं होतं आणि आभाळात काहीच नव्हतं.

"गेला," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. "पण काय दर्शन दिलं हो! अगदी मास्तर म्हणाले तिथेच. समोर उभा, निवांत. मास्तर, ह्या तळ्यावर हा पक्षी आजवर कुणाला दिसला नव्हता. आपल्या पत्रकात तुमचं नाव येणार, पहिल्या पानावर!" त्यांनी मास्तरांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. मग व्याह्यांचा घेतला. "आणि तुम्ही धन्य! नुसत्या फोनवर ओळखलात."

"अहो, अख्खा दिसला," मास्तरांची बायको नाचत सांगत होती. "विहीणबाईंच्या दुर्बिणीतून. चोचीपासून नखांपर्यंत! आपण काढला होता त्याच्याहून कितीतरी देखणा. फक्त शेपूट हलवत नव्हता."

"दमला असेल," मेहुणा म्हणाला.

अध्यक्षबाईंनी कॅमेऱ्यात टिपलेला फोटो उघडला आणि सगळ्यांनी त्याच्यावर उडी घातली. "अहाहा!" "पंख बघा!" "आणि डोळा, डोळा!" कॅमेरा एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागला. व्याह्यांपाशी आला तसा त्यांचा हात नकळत पुढे झाला.

"अहो, त्यांना काय दाखवताय?" कुणीतरी म्हणालं. "त्यांनी दोनदा पाहिलाय!"

कॅमेरा पुढे गेला. मास्तरांनी मान लांब केली.

"आणि मास्तरांनी तर शोधलाच!" दुसरं कुणी म्हणालं. कॅमेरा त्यांच्याही डोक्यावरून पलीकडे गेला.

विहीणबाई आणि मास्तरांची बायको एकमेकींना टाळ्या देत होत्या. दोघींनी पक्षी पाहिला होता. मेहुण्याने पाहिला होता. गाडीच्या ड्रायव्हरनेसुद्धा पाहिला होता. व्याही एका पायात बूट घालून बांधावर बसले, मास्तर त्यांच्या शेजारी बसले. मंडळींच्या पाठींच्या भिंतीआडून "वा!" आणि "क्या बात है!" ऐकू येत होतं. दोघांनी थोडा वेळ कळ काढली. मग व्याह्यांना राहवेना. त्यांनी आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं बघितलं आणि ते मास्तरांच्या कानाशी वाकले.

"मास्तर," ते अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "कसा असेल हो तो दिसायला?"

"मला काय विचारता व्याहीबुवा?" मास्तर म्हणाले. "तुम्ही दोनदा पाहिलाय. तुम्हीच सांगा की मला."